वरच्या दिशेची मर्यादा

मोटरसायकलवरून लडाखला जाण्याची इच्छा आता कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या घरांत नवी राहिलेली नाही. वैशाख सरत आला की कुठल्या ना कुठल्या घरात संध्याकाळची ताटे उचलली जातात आणि त्याच जागी उत्तरेचा नकाशा पसरला जातो. घरातला तरुण बोटाने रेघ ओढत जातो : श्रीनगर, झोजी ला, कारगिल, लेह, तांगलांग ला, मनाली. त्याच्या तोंडी उंचीचे आकडे असतात. शेजारी जपमाळ घेऊन बसलेल्या आजीला त्या आकड्यांत रस नसतो. तिचे प्रश्न वेगळे असतात. दिवस मावळायच्या आत जेवण कुठे होणार? पाणी उकळलेले मिळणार का? चातुर्मास लागण्यापूर्वी परत येणार ना? आणि वाटेत जमेनासे झाले, तर मागे फिरायचे कोणी ठरवायचे?

तरुणाला हे प्रश्न हौसेच्या आड येणारे वाटतात. पण त्या रस्त्यांचा भूगोल नीट अभ्यासला, तर ध्यानात येते की लडाखच्या प्रवासाचा शहाणा बेत याच चार प्रश्नांतून उभा राहतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत हे पहिले गुणव्रत. चार मुख्य दिशा, चार उपदिशा, वर आणि खाली अशा दहा दिशांना आपण कुठवर जाऊ, याची सीमा श्रावक स्वतः ठरवतो आणि ती जन्मभर पाळतो. देशव्रतात हीच सीमा ठरावीक काळापुरती आणखी आखडून घेतली जाते. यातील ‘वर’ ही दिशा मैदानात राहणाऱ्याला नाममात्र वाटते. परंतु तत्त्वार्थसूत्राने दिग्व्रताच्या पाच अतिचारांत ऊर्ध्वदिशेच्या उल्लंघनाला पहिले स्थान दिले आहे, आणि आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त त्याचे उदाहरण म्हणून पर्वतावर चढण्याचाच उल्लेख केला आहे. व्रताचा हेतू आत्मशुद्धीचा आहे; त्याला प्रवासातील सुरक्षिततेचे साधन मानणे हा व्रताला लहान करण्याचा प्रकार होईल. तरीही सीमा घरी, शांत चित्ताने, आधी ठरवायची आणि मोहाच्या जागी पोहोचल्यावर ती बदलायची नाही, ही जी शिस्त दिग्व्रत शिकवते, तिचीच हिमालयातील उंच रस्त्यांवर सर्वांत अधिक गरज पडते.

हवेचे गणित

समुद्रसपाटीवर आणि खिंडीच्या माथ्यावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण सारखेच, सुमारे २१ टक्के असते. फरक पडतो तो हवेच्या दाबात. लेह-मनाली रस्त्यावरील तांगलांग ला ही खिंड सुमारे ५,३३० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही तितकाच घटतो. शरीराला या बदलाशी जुळवून घेता येते. मात्र त्याला दिवस लागतात. तरुण वय, व्यायामाची सवय, निर्व्यसनी जीवन यांतले काहीही त्या दिवसांची जागा घेऊ शकत नाही. उलट धडधाकट माणूस त्रास अंगावर काढतो आणि अधिक संकटात सापडतो.

यावर डॉक्टरांनी घालून दिलेला नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. दिवसा खिंड ओलांडताना कितीही वर जाणे झाले, तरी झोपायला खाली यावे. म्हणून नकाशावर खिंडींची उंची लिहिण्याआधी मुक्कामांची उंची लिहावी लागते.

गाडीचेही असेच असते. दर १,००० मीटर चढाईमागे इंजिनाची ताकद साधारण १० टक्क्यांनी घटते. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे मिश्रण होऊन धूर निघतो, गाडी अडखळते आणि पेट्रोलही अधिक जाते. इंधन-इंजेक्शनची गाडी मिश्रण आपोआप सांभाळते. घटलेली ताकद मात्र तीही परत आणू शकत नाही. मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना जड पिशव्या असतील, तर हा फरक पहिल्याच मोठ्या चढावर जाणवतो. तेव्हा सामान घरीच तोलून कमी करणे हा बेताचाच एक भाग ठरतो. परिग्रह किती जड असतो, याचा अनुभव घाटातल्या चढावर मिळतो, तसा क्वचितच अन्यत्र मिळत असेल.

कोणत्या बाजूने चढावे

लेहला जाणारे दोन मुख्य रस्ते आहेत : एक मनालीहून, दुसरा श्रीनगरहून. महाराष्ट्रातील बहुतेक तरुणांच्या मनात मनालीचा रस्ता आधी येतो. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड टाळून लाहौल खोऱ्यात उतरता येते आणि ४६ किलोमीटर वाचतात. पुढे केलाँग आणि जिस्पा ही गावे ३,१०० ते ३,२०० मीटरच्या आसपास आहेत. इथवर सारे ठीक आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. जिस्पानंतर नेहमीचा मुक्काम सरचूचा, आणि सरचू आहे सुमारे ४,२९० मीटरवर. म्हणजे एका रात्रीत जवळपास १,१०० मीटरची उडी.

सरचूचा खरा धोका नकाशा बारकाईने पाहिल्याशिवाय कळत नाही. मैदानातून आलेला माणूस तिथे रात्री आजारी पडला, तर त्याला खाली नेणे हाच उपाय. पण सरचूहून खाली जायचे तर आधी वर चढावे लागते. मनालीच्या बाजूला सुमारे ४,८९० मीटरची बारालाचा खिंड आडवी येते आणि लेहच्या बाजूला सुमारे ५,०६० मीटरची लाचुलुंग. ज्याला उतरणीची निकड आहे, त्याला दोन्हीकडे चढणच वाट्याला येते.

श्रीनगरच्या रस्त्यावर असे होत नाही. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर, सोनमर्ग सुमारे २,७००, मग ३,५२८ मीटरचा झोजी ला ओलांडून द्रास आणि पुन्हा खाली कारगिल, सुमारे २,६७६ मीटर. तिथून नामिका ला आणि ४,१०८ मीटरचा फोटू ला पार करून लामायुरू, आणि शेवटी लेह, सुमारे ३,५०० मीटर. हा रस्ता दिवसा चढवतो आणि रात्री खाली आणून झोपवतो. फोटू ला हा या रस्त्याचा सर्वोच्च बिंदू आहे; तोही मनाली रस्त्यावरच्या मोठ्या खिंडींहून बराच खाली. त्यामुळे श्रीनगरहून चढावे, लेहमध्ये शरीराला सवय होऊ द्यावी आणि मनालीकडे उतरावे, हा क्रम सर्वांत हिताचा.

त्यानुसार पंधरा दिवसांचा बेत असा मांडता येतो. पुण्याहून जम्मूकडे जाणाऱ्या रेल्वेने गाडी पार्सल करावी. तिची टाकी आधी रिकामी करावी लागते. जम्मूहून श्रीनगर. एक मुक्काम सोनमर्गला. तिथे जाताना जानेवारी २०२५ मध्ये खुला झालेला साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. पुढचा मुक्काम कारगिल, त्यापुढचा लामायुरू, मग लेह. लेहला पोहोचल्यावर दोन पूर्ण दिवस गाडीला हात लावू नये. त्यानंतर ५,३५९ मीटरच्या खारदुंग ला वरून नुब्रा खोऱ्यात उतरावे. तिथला मुक्काम लेहहूनही खाली असतो. परत लेहला येऊन एक रात्र काढावी आणि मग सरचू, जिस्पा, मनाली. सरचूची उडी या क्रमातही लहान नाही. पण तोवर शरीर आठवडाभर उंचीवर रुळलेले असते आणि दुसऱ्या सकाळी एक खिंड ओलांडताच उतरण लागते. हे सारे मांडून शेवटी दोन दिवस कोरे ठेवावेत. दरड, बर्फ किंवा लष्करी वाहनांचा ताफा यांपैकी कशात तरी ते जातातच.

कागदपत्रांची तयारीही याच वेळी करावी. सीमेलगतच्या भागांसाठीचे परवाने आणि शुल्क यांचे नियम बदलत असतात. ते निघण्यापूर्वी लेह प्रशासनाकडून तपासून घ्यावेत. मनाली किंवा श्रीनगरहून भाड्याने घेतलेली गाडी लडाखमधील स्थळदर्शनासाठी वापरण्यास तिथले व्यावसायिक हरकत घेतात, म्हणून भाड्याचीच गाडी हवी असेल, तर ती लेहमध्ये घ्यावी. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड तिकडे चालत नाही. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असावे. परतीच्या वाटेवर कारूचा पंप मागे पडला की थेट तांदीपर्यंत सुमारे ३३० किलोमीटर पेट्रोलचा भरवसा धरू नये. उलट दिशेने येणाऱ्यांसाठी तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्धच आहे. टाकी भरून घ्यावी आणि प्रत्येक गाडीमागे पाच लिटर राखीव ठेवावे.

दिवस मावळण्यापूर्वी

आजीचा पहिला प्रश्न सूर्यास्ताचा होता, आणि या रस्त्यांवर तोच सर्वांत व्यवहारी ठरतो. जूनअखेरीस लेहमध्ये सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेसातच्या सुमारास होतो. दिवस मोठा असतो. तरीही रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्याने चार वाजता मुक्कामी पोहोचण्याचा नेम ठेवावा. तंबूतल्या किंवा ढाब्यावरच्या माणसाला कांदा, लसूण, बटाटा न घालता वेगळी डाळ शिजवायला सांगायची, तर त्याला वेळ द्यावा लागतो. आणि उंच डोंगरांच्या सावलीत उजेड पंचांगातल्या वेळेआधीच मंदावतो.

याच नेमाला रस्त्याचेही कारण आहे. बारालाचाच्या परिसरात आणि झोजी लाच्या दोन्ही अंगांना बर्फ वितळून झालेले ओहळ रस्त्यावरून वाहतात. रात्रीच्या थंडीत बर्फ गोठलेला असतो, म्हणून सकाळी त्यांना घोट्याएवढे पाणी असते. ऊन चढते तसा बर्फ वितळतो आणि दुपारी दोन-तीनला त्याच ठिकाणी गुडघाभर पाणी गोट्यांसकट वाहते. गाडी आडवी होते ती बहुधा अशा जागी. सकाळी सहाला निघणारा आणि चार वाजता थांबणारा प्रवासी हे ओहळ सकाळीच ओलांडून जातो. अंधारात घाट चढण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

चारही आहारांचा रात्री त्याग करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. उंचीवरची हवा कोरडी असते, श्वास जलद चालतो आणि शरीरातले पाणी नकळत घटते. त्यामुळे दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि सूर्यास्तापूर्वी ते पुरेसे झाले आहे ना, हे पाहावे. अष्टमी-चतुर्दशीला निर्जल उपवास करणाऱ्यांनी पंचांग उघडून त्या तिथी लेहच्या विश्रांतीत किंवा प्रवासाच्या आधी-नंतर येतील असा बेत करावा. खिंड ओलांडण्याच्या दिवशी उपवास नको. रात्री औषध आणि पाणी घेण्याची वेळ आली तर काय करावे, हे डॉक्टरांना आणि आपल्या गुरूंना विचारून घरीच ठरवावे. मध्यरात्री डोके ठणकत असताना असा निर्णय नीट होत नाही.

उकळलेले पाणी, शिजलेला भात

आजीचा दुसरा प्रश्न पाण्याचा. लेह-मनाली रस्त्यावरील पांग हे तंबूंचे ठिकाण सुमारे ४,६०० मीटरवर आहे. तिथे पाणी १०० अंशांना नव्हे, सुमारे ८५ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी टणक राहते. म्हणूनच तिथल्या प्रत्येक तंबूत कुकरची शिट्टी ऐकू येते. उकळलेले पाणी मागितले की मिळते, कारण चहासाठी किटली दिवसभर चुलीवर असते. सोबत पाणी गाळण्याचे कापड आणि दोन स्टीलच्या बाटल्या असल्या की काम भागते. प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेण्याची गरजही मग उरत नाही.

जेवणाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ‘जैन जेवण’ हा शब्द तिथल्या तंबूवाल्याला कळेलच असे नाही. जमिनीखाली उगवणारे काही नको, कांदा-लसूण नको, अंडे-मांस नको, एवढे हिंदीत शांतपणे सांगितले की डाळ-भात किंवा राजमा-भात समोर येतो. मात्र फोडणीचे भांडे वेगळे आहे का, हे स्वतः पाहावे आणि शंका असेल तिथे सोबतची शिदोरी सोडावी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी, पुढे खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की. ओलावा नसलेले हे पदार्थ थंडीत चांगले टिकतात. लडाखी घरांत भाजलेल्या सातूचे पीठ रोजच्या खाण्यात असते. गरम पाणी आणि गूळ घालून ते मराठी माणसालाही परके वाटत नाही. कारगिलच्या बाजारातले सुके जर्दाळू प्रवासात उपयोगी पडतात.

कपड्यांच्या बाबतीतही थोडी चौकशी हवी. मोटरसायकलस्वाराचे जाकीट, हातमोजे आणि बूट बहुधा कातड्याचे असतात. पण जाड कृत्रिम कापडाची, गुडघे-कोपरांना कवच असलेली आणि पाणी न शिरणारी साधने आता सहज मिळतात आणि ती तितकाच बचाव करतात. थंडीच्या जाकिटात आणि झोपण्याच्या पिशवीत पक्ष्यांची पिसे भरलेली असतात, त्याऐवजी कृत्रिम तंतू भरलेली घ्यावीत. हातमोज्यांच्या आतले अस्तर रेशमाचे नाही ना, हे लेबलावर पाहावे. औषधांत जिलेटिनच्या वेष्टनाऐवजी गोळ्या मागाव्यात. उंचीच्या त्रासावर वापरले जाणारे ॲसिटाझोलामाइड गोळीच्या रूपात मिळते. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते घेऊ नये.

चातुर्मास आणि ऋतू

तिसरा प्रश्न काळाचा. हिमालयातील या खिंडींवरून दुचाकीने जाण्याचा नेहमीचा काळ जून ते सप्टेंबर. म्हणजे बरोबर पावसाळा. आषाढ शुक्ल चतुर्दशीच्या सुमारास चातुर्मास सुरू होतो. त्या काळात साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर होतात, कारण पावसात जमिनीवर जीवसृष्टी दाट होते आणि चालण्यानेही हिंसा घडते. गृहस्थाला प्रवासाची बंदी नाही, तरी अनेक श्रावक या चार महिन्यांत प्रवासाची मर्यादा घेतात. ही तिथी जुलै महिन्यात पुढे-मागे सरकते. त्याआधी अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी ती महिनाअखेरीस जाते. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघून महिनाअखेरीस परतणे कोणत्याही वर्षी शक्य होते.

निसर्गाचाही कौल जूनकडेच आहे. तेव्हा बारालाचावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असतात आणि कुलू-मनालीच्या बाजूला दरडींचा हंगाम अजून सुरू व्हायचा असतो. लडाख पर्जन्यछायेत आहे; लेहला वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून तिथे पावसाळा नाहीच, असे समजले जाते. पण ऑगस्ट २०१० मध्ये, ५ आणि ६ तारखेच्या मधल्या रात्री लेह परिसरात ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. चातुर्मासापूर्वी परत येण्याचा आजीचा आग्रह त्या दृष्टीनेही वावगा ठरत नाही.

चार हात पुढची जमीन

साधू ईर्यासमिती पाळतात. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. गृहस्थाकडून तेवढी अपेक्षा नाही, पण चाकावर बसणाऱ्यालाही तिचा अर्थ लागू पडतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर संपते. म्हणून जेवढा रस्ता समोर स्पष्ट दिसतो, तेवढ्यात गाडी पूर्ण थांबवता येईल, इतकाच वेग ठेवावा. सरचूपुढच्या गाटा लूप्सची २१ वळणे चढताना प्रत्येक वळणाआड ट्रक असू शकतो, मेंढरांचा कळप असू शकतो, किंवा रस्त्याच्या कामावर वाकलेला मजूर असू शकतो.

त्या मजुरांकडे प्रवाशाने विशेष पाहावे. १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना हे रस्ते राखते. दरवर्षी बर्फ हटवणे, ओहळाने वाहून नेलेला तुकडा पुन्हा बांधणे, डांबर ओतणे ही कामे झारखंड-बिहारकडून आलेले कामगार करतात. ज्या उंचीवर नुसते चालताना धाप लागते, तिथे ते दगड फोडत असतात. त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करून धूळ न उडवणे ही साधी माणुसकी आहे.

पांगच्या पुढे सुमारे ४० किलोमीटर पसरलेले मोरे मैदान लागते. इतका सपाट रस्ता दिसला की गाडी रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर पळवण्याचा मोह होतो. तो आवरावा. तिथली विरळ गवताची खुरटी झुडपे वाढायला वर्षे लागतात, आणि चाकांचे ओरखडे तितकीच वर्षे मिटत नाहीत. त्याच गवतावर चांगपा पशुपालकांच्या शेळ्या-मेंढ्या आणि जंगली कियांग जगतात. रस्त्याकडेला बिळाबाहेर उभा राहणारा गुबगुबीत मार्मोट बिस्किटे खायला सरावला, तर पुढच्या गाडीखाली सापडतो. दया म्हणून दिलेला तो घास त्याच्या जिवावर उठतो.

जिंकण्याच्या क्षणी थांबणारा

कारगिलहून लामायुरूकडे जाताना मुलबेख येथे रस्त्यालगतच्या उभ्या खडकात मैत्रेयाची भव्य मूर्ती कोरलेली आहे. कुंभोजच्या किंवा श्रवणबेळगोळच्या वाऱ्या केलेल्या कुटुंबाला तिथे उभे राहताच भगवान बाहुबलींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. धर्म वेगळा, मूर्ती वेगळी. तरी आकाशाखाली दगडात उभी असलेली ती स्थिरता ओळखीची वाटते. बाहुबलींची कथा समाजातले लहान मूलही जाणते. दृष्टियुद्ध झाले, जलयुद्ध झाले, मल्लयुद्धात भरताला उचलून धरले. आता फक्त विजय घ्यायचा उरला होता. त्याच क्षणी त्यांनी भावाला हळुवार खाली ठेवले आणि मागे वळले. त्यांचे मोठेपण त्या वळण्यात आहे.

आजीचा चौथा प्रश्न इथे येऊन मिळतो. मागे फिरायचे कोणी आणि केव्हा ठरवायचे? उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे डोकेदुखी, मळमळ, गळून जाणे, झोप न लागणे ही आहेत. ती दिसली की त्याहून वर झोपायला जायचे नाही. ती वाढली, बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला धरला, चाल लडखडू लागली किंवा बोलण्यात विसंगती आली, तर वेळ न घालवता खाली उतरायचे. सकाळची वाटही पाहायची नाही. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगितले की तोल जातो का, हे कोणालाही पाहता येते. लेहमध्ये रुग्णालय आहे. लेह ते केलाँग या टप्प्यात मात्र मोठे रुग्णालय नाही.

दिग्व्रताच्या पाच अतिचारांत शेवटचे दोन इथे विलक्षण सार्थ वाटतात. चौथा क्षेत्रवृद्धी : लोभाने ठरलेले क्षेत्र वाढवून घेणे. लेहमध्ये एक दिवस वाचला, म्हणून पँगाँग जोडू. पँगाँग झाले, म्हणून ५,७९८ मीटरचा उमलिंग लाही करून घेऊ. विश्रांतीचा दिवस तेवढा कमी करू. बहुतेक बेत असेच बिघडतात. पाचवा स्मृत्यंतराधान : ठरवलेल्या मर्यादेचाच विसर पडणे. उंचीवर प्राणवायू घटला की सर्वांत आधी विवेक मंदावतो. ज्याची प्रकृती बिघडत असते, त्यालाच आपण ठीक आहोत असे वाटत राहते. शास्त्रकारांनी विसर हा स्वतंत्र दोष का मानला असेल, हे ४,५०० मीटर उंचीवर चटकन पटते.

म्हणून मर्यादा कागदावर लिहून न्यावी. कोणत्या तारखेनंतर पुढे जायचे नाही, किती वाजल्यानंतर खिंड चढायची नाही, कोणते लक्षण दिसले की उतरायचे. गटातील एकानेही थांबूया म्हटले, तर सर्वांनी थांबायचे आणि त्याला कारण विचारून भंडावायचे नाही, हेही त्यातच लिहावे. वरच्या दिशेची सीमा अशी आधी आखलेली असली की परत फिरण्यात हार वाटत नाही. ठरलेलेच केले, एवढेच वाटते.

लेह सोडल्यावर रस्ता सुमारे ५० किलोमीटर सिंधू नदीच्या सोबतीने जातो. उपशी गावी नदी डावीकडे राहते आणि रस्ता उजवीकडे तांगलांग लाकडे वळतो. सिंधूचा उगम कैलास पर्वताच्या परिसरातला. परंपरेनुसार भगवान आदिनाथांचे निर्वाण अष्टापदावर, म्हणजेच कैलासावर झाले. तो पर्वत सीमेपलीकडे आहे आणि मोटरसायकलची ही वाट तिथे जात नाही. प्रवाशाने उपशीला क्षणभर गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि त्या दिशेहून वाहत येणाऱ्या पाण्याकडे पाहून हात जोडावेत. पाणी वरून खाली आलेले असते. त्याला भेटायला आणखी वर जावे लागत नाही.

इकडे घरी नकाशाची घडी पडते. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तरुणाने मुक्कामांची उंची, सूर्यास्ताच्या वेळा, अष्टमी-चतुर्दशीच्या तारखा आणि मागे फिरण्याच्या अटी लिहिलेल्या असतात. तो कागद आजीपुढे धरतो. तिला मीटर आणि किलोमीटर कळत नाहीत. ती शेवटची ओळ दोनदा वाचून घेते, मान हलवते आणि शिदोरीच्या दशम्या किती लागतील, याचा हिशेब सुरू करते.